रमण्यातले वीस गुण

माध्यमिक शाळेत मी 31 वर्षे मराठी शिकवले. दहावीच्या तोंडी परीक्षेचे गुण दरवर्षी एका बैठकीत भरले : 18, 19, 18, 17. त्यांतील कित्येक मुलांना मी नीट बोलताना ऐकलेही नव्हते. निवृत्तीनंतर पेशवाईतील दक्षिणेविषयी वाचू लागलो आणि माझ्या त्या गुणपत्रकाची वंशावळ हाती लागली.

श्रावणातील दक्षिणेची प्रथा तळेगावच्या दाभाड्यांची. 1731 साली डभईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे पडले आणि पुढे ती पेशव्यांनी पुण्यात चालवली. या दक्षिणेला दोन दारे होती. नामांकित शास्त्र्यांची विद्वत्ता पारखली जाई आणि त्यांचा सन्मान वाड्यात होई. बाकीचा ब्राह्मणसमुदाय पर्वतीच्या पायथ्याशी, रमण्यात कोंडला जाई. तेथे विद्या कोणी विचारत नसे. दारातून बाहेर पडताना हातावर रुपये पडत.

तोंडी परीक्षा म्हणजे घोकंपट्टी, हा आपला समज अर्धाच खरा आहे. मिथिलेच्या शलाकापरीक्षेची परंपरा पाहा. पोथीत शलाका खुपसायची आणि ती ज्या पानावर थांबेल तेथील विषय विद्यार्थ्याने उलगडून सांगायचा. कोणते पान निघेल हे त्याला ठाऊक नसे. परीक्षकालाही कान देऊन ऐकावेच लागे.

1818 नंतर इंग्रजांनी रमण्यातील सरसकट वाटप थांबवले. परीक्षेवर मिळणारी दक्षिणा मात्र ठेवली. त्याच निधीच्या आधाराने 1821 साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. 1849 मध्ये पुण्यातील सुधारकांनी अर्ज केला, की या पैशातून मराठी ग्रंथकारांनाही उत्तेजन द्यावे. सनातन्यांचा विरोध इतका कडवा होता, की अर्जदारांच्या संरक्षणासाठी जोतीराव फुले आपली माणसे घेऊन उभे राहिले. पुढे दक्षिणा प्राइझ कमिटी आली. मान मुखातून कागदाकडे सरकला. 1859 मध्ये मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक झाली आणि लेखी उत्तरपत्रिका हेच गुणवत्तेचे प्रमाण ठरत गेले.

हा बदल न्याय्यच होता. वाड्यातील परीक्षेत स्त्रीला वा शूद्राला तोंड उघडण्याचीही मुभा नव्हती. पण याच काळात तोंडी परीक्षेला वेगळा अर्थही आला. 1852 मध्ये पुण्यात फुल्यांच्या शाळेतील मुलींची परीक्षा लोकांसमोर झाली. तेथे मुलींनी उत्तर देणे हाच पुरावा होता. ज्यांना शिकवणे पाप मानले होते, त्यांचा आवाज शहराने ऐकला.

आता आपल्याकडे या. 2018 साली राज्याचा दहावीचा निकाल 89.41 टक्के होता. 2019 च्या परीक्षेत भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातील 20 गुण काढले आणि निकाल 77.10 वर आला. अभ्यासक्रमही बदलला होता, म्हणून सारा दोष एका कारणाच्या माथी मारता येणार नाही. पण ओरड झाली ती त्या 20 गुणांसाठी, आणि पुढच्या वर्षी ते परत आले. मुले बोलायला शिकतात की नाही, याची चर्चा त्या गदारोळात मला फारशी ऐकू आली नाही. आम्ही शिक्षकांनी वाड्याचे दार कधीच बंद केले होते. उघडा होता तो रमणा.

मागच्या वर्षी एक माजी विद्यार्थी बाजारात भेटला. नोकरीच्या तीन मुलाखतींत तो बसला होता आणि तिन्ही वेळा त्याची जीभ टाळ्याला चिकटली होती. रागावून नव्हे, अगदी सहज तो म्हणाला, "सर, तुम्ही मला तोंडीला 18 दिले होते ना?"

पंधरा मिनिटे समोर बसवून मी त्याला ऐकले असते, तर कदाचित 9 दिले असते. मग उरलेल्या 11 गुणांसाठी मला त्याला शिकवावे लागले असते. तेवढे टाळण्यासाठी मी दक्षिणा वाटली.