फरसबंदी उखडणारे शहर

श्रोते हो, आपल्या गावचा पार डोळ्यांसमोर आणा. वळवाची सर आली की पाराजवळची माती पाणी पिऊन घेते; शेजारच्या सिमेंटच्या रस्त्यावरून मात्र तेच पाणी लोंढ्याने धावते. एवढीशी गोष्ट एका राजधानीला फार महागात शिकावी लागली. ती राजधानी म्हणजे डेन्मार्कमधले कोपनहेगन.

१८५३ साली तेथे कॉलऱ्याची साथ आली आणि सुमारे ५,००० माणसे दगावली. पुढच्या दशकांत भुयारी गटारे आली, रस्ते फरसबंद झाले. ते त्या काळी योग्यच होते, बरं का! चिखल हटला, रोगराई हटली. पण सांडपाणी आणि पावसाचे पाणी बहुतेक ठिकाणी एकाच नळात सोडले होते. विसाव्या शतकात मोटारी वाढल्या, तशी डांबराने उरलीसुरली मातीही झाकून टाकली.

मग उजाडला २ जुलै २०११. संध्याकाळी दोन-तीन तासांत सुमारे १५० मिलिमीटर पाऊस कोसळला. शिक्षकहो, हिशेब फळ्यावर मांडून पाहा : एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. म्हणजे दर चौरस मीटरला १५० लिटर! नळ तुंबले, गटाराचे पाणी तळघरांत शिरले. नुकसान सुमारे ६०० कोटी क्रोनरचे. ज्या घाणीला जमिनीखाली गाडले, तीच उलटून घरात आली.

२०१२ साली नगरपालिकेने योजना आखली. नुसते नळ मोठे करणे परवडणारे नव्हते; म्हणून वीस वर्षांत सुमारे ३०० कामे करून काही पाणी वरच्या वरच अडवायचे, जिरवायचे, वाट काढून द्यायचे असे ठरले. २०१४ साली टोसिंगे चौकातले सुमारे १,००० चौरस मीटर डांबर काढून तेथे खोलगट बाग केली. छपरांवरचे पाणी जमिनीखालच्या टाक्यांत साठते. रस्त्यावरचे पाणी मात्र वेगळे ठेवले, कारण हिवाळ्यात रस्त्यावर बर्फासाठी मीठ टाकतात.

उन्हाचे काय? माठ पाझरतो म्हणून पाणी गार राहते ना, तसेच झाडाचे. पानांतून पाण्याची वाफ होते, ती भोवतीची उष्णता घेऊन जाते. शिवाय सावली मिळते ती वेगळीच. डांबर दिवसभर तापते आणि रात्री ती धग परत सोडते.

पण एका बागेने शहर वाचत नाही. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तेथे बाग काय पुरी पडणार? मोठे नाले, बोगदे लागतातच. बागेमुळे त्यांच्यावरचा भार तेवढा हलका होतो.

‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ हे आपण शिवारात म्हणत आलो. आता शाळेच्या अंगणात फरशी घालायचा ठराव आला, तर एवढेच विचारा : चालायला वाट किती हवी? तेवढी फरशी घाला. बाकीची माती उघडी राहू द्या, तिथे झाड लावा.