पैठणच्या गंधिकाचा खांब

१/ पैठणचे प्राचीन नाव प्रतिष्ठान. गोदावरीकाठची ही सातवाहनांची नगरी. 'पेरिप्लस' हा ग्रीक ग्रंथ तिचे स्थान भडोचपासून दक्षिणेला २० दिवसांच्या वाटेवर सांगतो. येथील मौल्यवान दगड बिकट वाटांनी, गाड्यांतून त्या बंदराकडे जात.

२/ या नगरीतील सामान्य माणसे भेटतात ती मात्र पैठणात नव्हे, तर सातमाळा डोंगरातील पितळखोऱ्यात. कन्नडजवळच्या या घळीत, ओढ्यालगत कोरलेली बौद्ध लेणी इ. स. पूर्व २ऱ्या शतकापासूनची आहेत.

३/ चैत्यगृहातील एका खांबावर ब्राह्मीत दात्याचे नाव आहे: प्रतिष्ठानचा मितदेव, गंधिक कुळातील. गंधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. दुसरा खांब त्याच नगरीतील संघकाच्या पुत्रांचा. शेजारच्या विहारात राजवैद्य मगिलाच्या कुटुंबाची नावे आढळतात.

४/ येथे सापडलेला हसरा यक्ष आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर घडवणाऱ्याचे नाव कोरले आहे: कान्हदास. व्यवसायाने तो सोनार.

५/ एवढे मोठे चैत्यगृह, पण मितदेवाचे दान एका खांबाचे. ज्याची जेवढी ऐपत, तेवढा त्याचा वाटा. आणि तेवढ्यावरही नाव कोरण्याचा मान.

६/ पितळखोऱ्याचा कातळ मात्र ठिसूळ. दर्शनी भाग कोसळले, अनेक खांब नाहीसे झाले. त्यांच्यासोबत काही नावेही गेली असणार. सातवाहन राजांची नावे नाण्यांनी जपली. पैठणच्या गंधिकाची साक्ष देतो तो हा एकच खांब. तो ढासळला, तर इतिहासातून मितदेवही जाईल.