मूठभर सळया

जानेवारीतली सकाळ. आदिलाबादच्या खाटकाच्या दुकानासमोर तुम्ही उभे आहात. थंडीने हात खिशाबाहेर काढवत नाहीत. कापसाने भरलेल्या गाड्या मार्केट यार्डाकडे निघाल्या आहेत. पुढचं गिऱ्हाईक तेलुगूत बोलतं, मागचं मराठीत, आणि खाटीक दोघांनाही दखनीत उत्तर देतो. तुमची पाळी येते.

"रान का दे दो, बगैर हड्डी का. एक किलो."

सुरी मांडीच्या सांध्याभोवती फिरते, हाड अलगद सुटून येतं. "क्या दाम?" तुम्ही विचारता. तो आकडा सांगतो, तुम्ही नोटा मोजता. आकडा विसरलात तरी चालेल, पण दाम हा शब्द सोबत ठेवा. आज त्याचं काम पडणार आहे.

घरी आल्यावर मटण धुऊन निथळत ठेवता. मग एकेक इंचाचे चौकोनी तुकडे, शक्यतो सारखे, म्हणजे एक करपला आणि दुसरा कच्चा राहिला असं होत नाही. चरबी सगळी काढून टाकू नका. निखाऱ्यावर तीच वितळून तुकड्यावर ओघळते आणि त्याला कोरडा पडू देत नाही. भांड्यात चार चमचे ऑलिव्हचं तेल, दीड लिंबाचा रस, ठेचलेल्या पाच पाकळ्या लसूण, भरडलेली मिरी, मीठ आणि तळहातावर चोळलेला सुका ओरेगॅनो. ग्रीक लोक त्याला रिगानी म्हणतात. तो मिळाला नाही तर अर्धा चमचा ओवा घाला. ओव्याचा वास थायमॉलचा असतो, आणि ओरेगॅनोच्या वासातही थायमॉल असतं. तेल करडईचं असलं तरी बिघडत नाही. लिंबाच्या बाबतीत मात्र सांभाळा: रात्रभर मुरवलं तर मटणाचा वरचा थर भुसभुशीत होतो. तीन तास पुरेत.

या पदार्थाला ग्रीसमध्ये सुव्हलाकी म्हणतात. सुव्हला म्हणजे सळई, सुव्हलाकी म्हणजे छोटी सळई. शब्द लॅटिनच्या सुबुलावरून आला, आणि सुबुला म्हणजे चांभाराची आरी. टोकदार लोखंड, त्यात ओवलेलं मांस, खाली विस्तव. एवढंच ते नाव सांगतं.

भांड्यावर ताटली ठेवता. हाताला लसणाचा आणि लिंबाचा वास आहे. तीन तास हातात आहेत. चला.

आधी जवळच जाऊ. अंतर वीस किलोमीटर, आणि नऊशे वर्षं.

तुम्ही जैनथला उभे आहात. आज जिथे लक्ष्मीनारायणाच्या दर्शनाला लोक येतात, तिथे दगडावर टाकीचे घाव पडताहेत. काळ अकराव्या-बाराव्या शतकाच्या सांध्यावरचा. कोरीव अक्षरं संस्कृत आहेत. जवळ जा, बोटाने चाचपा, दगडाची कच बोटाला लागेल. लोलार्क नावाच्या अधिकाऱ्याची पत्नी पद्मावती हिने निंबादित्याचं, म्हणजे सूर्याचं, देऊळ उभारल्याचा हा लेख आहे. लोलार्काचा धनी जगद्देव, माळव्याच्या उदयादित्य परमाराचा मुलगा. आपला मुलूख मागे ठेवून तो कल्याणीच्या चालुक्य राजाच्या, सहाव्या विक्रमादित्याच्या, पदरी आला. आपल्या काळ्या मातीच्या या टोकाचा धागा असा कल्याणीला बांधलेला आहे. तुम्हाला त्याच धाग्याने पुढे जायचंय, कारण कल्याणीच्या मुदपाकखान्यात तुमच्या कामाची एक गोष्ट आहे.

नैर्ऋत्येकडे चालू लागा. गोदावरी ओलांडा. वाटेतल्या एखाद्या गावात पहाटे उखळाजवळून जाताना मुसळाचा घाव आणि त्या घावावर तोललेला बायकांचा आवाज ऐकू येईल. थांबा थोडं. कांडताना म्हणायची ती ओवी आहे. महाराष्ट्रात बायका कांडणाच्या वेळी ओवी गातात, अशी नोंद लवकरच एक राजा आपल्या ग्रंथात करणार आहे, आणि मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिणारे पुढे शतकानुशतकांनी त्या नोंदीपाशी थबकणार आहेत. त्याच ग्रंथात, काही प्रकरणं अलीकडे-पलीकडे, मांस सळईवर कसं भाजावं हेही आहे. ओवी आणि सळई एकाच माणसाने लिहून ठेवली, हे मला फार मोलाचं वाटतं.

तो राजा म्हणजे विक्रमादित्याचा मुलगा तिसरा सोमेश्वर. ग्रंथ मानसोल्लास, दुसरं नाव अभिलषितार्थचिंतामणी. शके १०५१, म्हणजे इसवी सन ११२९. तुम्ही कल्याणीत आहात. आज हे गाव बसवकल्याण म्हणून बीदर जिल्ह्यात मोडतं.

मुदपाकखान्यात शिरताच धूर डोळ्यांत जातो. डोळे चोळून बघा. लाल तिखट कुठेच नाही, टोमॅटो नाही, बटाटा नाही. अमेरिकेहून ते यायला अजून चारेकशे वर्षं आहेत. तिखटपणा आहे तो मिरीचा आणि आल्याचा. हिंगाचं पाणी एका भांड्यात तयार आहे, सैंधव दुसऱ्या. एका बाजूला काळीज सुपारीएवढे तुकडे करून निखाऱ्यावर ठेवलंय. आणि त्यापलीकडे तुम्ही ज्यासाठी आलात ते: सूपकार मांसाच्या तुकड्याला टोकाने भोकं पाडतो, प्रत्येक भोकात वाटलेला मसाला बोटाने दाबून भरतो, मग तुकडे सळईला लावून निखाऱ्यावर धरतो. त्याला तो भडित्रक म्हणतो.

नाव सोमेश्वराने घडवलेलं नाही. अमरकोशात भटित्र आहे, शूल्य आहे, आणि तो ग्रंथ या मुदपाकखान्यापेक्षा कितीतरी जुना. शूल म्हणजे सळई, शूलावर भाजलेलं ते शूल्य. सळईवरच्या मांसाला एकाहून अधिक शब्द ठेवणारी माणसं ते वरचेवर खात असणार, एवढं तुम्हाला कोश न उघडताही कळतं.

पण हात बघा त्याचे, शब्द नंतर. भोकं पाडण्यात शहाणपण आहे. मुरवणाचं तेल, लसूण, मसाला मांसाच्या फार आत जात नाही. मीठ तेवढं हळूहळू आत झिरपतं. ग्रीसमध्ये कोवळ्या कोकराचं मांस असलं की वरचा लेप पुरतो. आपल्याकडे बोकड. त्याचा तंतू दाट, आतला भाग बेचव राहण्याची भीती नेहमीची. कल्याणीच्या सूपकाराने ती भोकं पाडून घालवली. ही युक्ती घेऊन जा. माझ्या मते घरी सुव्हलाकी करणाऱ्या मराठी माणसाला अथेन्सपेक्षा कल्याणीकडून शिकण्यासारखं जास्त आहे.

आता आणखी मागे, हजारेक वर्षं. गोदावरीच्या काठाने उलट, उगमाच्या दिशेला चाला. सातवाहनांचं पैठण लागतं, पलीकडे प्रवरेकाठी नेवासं. नेवाशाच्या उत्खननात भूमध्य समुद्राकडून आलेल्या उंच कुंभांचे तुकडे निघाले. इथे तुमच्यासमोर तो कुंभ अखंड आहे, दोन कानांचा, खाली निमुळता, आतून आंबट दर्प येणारा. कार्ल्याच्या चैत्यगृहात जा, तिथल्या काही खांबांवर धेनुकाकटच्या यवनांची नावं दानकर्ते म्हणून कोरलेली आहेत. ग्रीकांना आपण यवन म्हणत होतो, आणि यवन इथे परका राहिला नव्हता. तो लेणं घडवायला खांब देत होता.

त्याच सुमाराला नाशिकजवळ, जोगळटेंभीला, कुणीतरी चांदीची नाणी पुरून ठेवतंय. ती १९०६ मध्ये सापडतील, तेरा हजारांहून जास्त. क्षत्रप नहपानाची नाणी, त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला. एक उचला. नखाएवढं, पातळ. राजाच्या चेहऱ्याभोवती काठावर अक्षरं आहेत. ती ग्रीक आहेत. हे नाणं ज्या ग्रीक नाण्याच्या घराण्यातलं, त्याचं नाव द्राख्मे. संस्कृतात त्याचं द्रम्म झालं. शिलाहारांच्या, यादवांच्या लेखांत हे द्रम्म जागोजागी भेटतात. द्रम्म पुढे झिजत झिजत दम्म झाला, आणि दम्माचा दाम.

सकाळी खाटकाला विचारलात तोच.

नाणं मुठीत घट्ट धरा आणि समुद्र ओलांडा. मूठ उघडू नका, कारण आता ती मूठच महत्त्वाची आहे.

आर्गोसजवळचं हेरा देवीचं मंदिर. ऑलिव्हची चंदेरी पानं, खाली पिवळं मैदान. नाण्यांचा वापर अजून इथे रुळलेला नाही. मंदिरात देवीला वाहिलेली एक मोळी आहे, लोखंडी सळयांची, हातभरापेक्षा लांब. मांस भाजायच्या सळया. आर्गोसच्या फेडोन राजाने त्या अर्पण केल्या अशी जुनी परंपरा सांगते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्खननात अशी सळयांची जुडी खरोखरच निघाली. ती आज अथेन्सच्या नाणेसंग्रहालयात आहे. सळया नाणेसंग्रहालयात कशा, याचं उत्तर तुमच्या हातात आहे.

सळईला ग्रीकांनी ओबेलोस म्हटलं. लोखंड दुर्मीळ, सळई टिकाऊ, तिला सगळ्यांच्या घरी उपयोग. म्हणून देवघेवीत सळयाच मोजल्या जाऊ लागल्या. पुढे चांदीचं छोटं नाणं आलं तरी त्याचं नाव ओबोल राहिलं. आता मोळीतल्या सळया उचलून बघा. एका हातात किती येतात? एक, दोन, तीन. अंगठा आणि बोटं मिळेपर्यंत सहा. मुठीत धरणं या क्रियेवरून मूठभराला त्यांनी शब्द केला, द्राख्मे. सहा ओबोल म्हणजे एक द्राख्मे.

आदिलाबादच्या दुकानात तुम्ही मटणाचा दाम विचारलात, तेव्हा मटण भाजायच्या मूठभर सळयांचं नाव घेतलंत. मला हे पहिल्यांदा कळलं त्या दिवशी मी स्वयंपाकघरातल्या सळया काढून मुठीत धरून पाहिल्या होत्या.

इथून परतता आलं असतं. पण विस्तव कसा मांडायचा ते बघायचं राहिलंय, म्हणून दोन घरं आणखी.

पहिलं घर काव्यातलं. होमरच्या इलियडच्या नवव्या सर्गात रुसून बसलेल्या अकिलीसकडे मनधरणी करायला पाहुणे येतात. एवढा मोठा योद्धा, पण आधी त्यांना जेवू घालतो आणि मांस स्वतः कापतो. त्याचा सोबती पात्रोक्लस जाळ पेटवतो. तुम्ही तंबूच्या कडेला उभे आहात, भूक लागली आहे, आणि पात्रोक्लस सळया उचलायचं नाव घेत नाही. तो थांबलाय. जाळ बसतो, ज्वाळा विझतात, तेव्हा तो निखारे पसरतो, सळया त्यावर आडव्या लावतो, मीठ भुरभुरवतो. घरी कोळशावर भाजताना निम्मी चूक इथेच होते. ज्वाळेवर मांस काळं पडतं आणि आतून कच्चं राहतं. वाट बघा, कोळशावर राखाडी साय धरेपर्यंत.

दुसरं घर सांतोरीनी बेटावर, आक्रोतिरी गावात. साडेतीन हजारांहून जास्त वर्षं मागे. बेटावरचा ज्वालामुखी अजून फुटलेला नाही, फुटेल तेव्हा हे गाव राखेखाली जसंच्या तसं राहणार आहे. स्वयंपाकाच्या जागी मातीच्या दोन बैठका समोरासमोर ठेवल्यात. वरच्या कडेला खाचा, दोन्हीकडच्या खाचा एकमेकींसमोर, म्हणजे सळई दोन टोकांवर टेकते आणि घसरत नाही. वाकून बघा, बैठकीच्या तळाशी ओळीने भोकं आहेत. निखाऱ्यांना वारा मिळावा म्हणून. कुंभाराने भाजणाऱ्याची अडचण ऐकून घेतली आणि मातीत तिचं उत्तर घडवलं.

परत या. तीन तास झालेत.

आदिलाबादची गच्ची. कोळसा गच्चीवरच पेटवा, बंद खोलीत कधीही नाही, त्याचा वायू कळू न देता जीव घेतो. शेगडी नसली तरी चालतं. विटांच्या दोन ओळी मांडा, खालच्या विटांमध्ये बोटभर फटी ठेवा, आक्रोतिरीच्या भोकांसारख्या. मध्ये पऱ्हाटीच्या वाळल्या काड्या. कापसाच्या मुलखात त्या मागितल्या की मिळतात, आणि काडी लावताच भडकतात. वर कोळसा. आता पात्रोक्लससारखे बसा.

तोवर तुकडे ओवा. ओवण्याआधी प्रत्येक तुकड्याला सुरीच्या टोकाने दोन भोकं आणि त्यांत लसणाची बारीक काप, मिरीची चिमूट. सळई चपटी घ्या, गोल सळईवर तुकडा स्वतःभोवती फिरतो आणि एकच बाजू खाली येत राहते. बांबूच्या काड्या असतील तर अर्धा तास पाण्यात भिजवा. तुकडे एकमेकांना टेकलेले असावेत, दाबलेले नकोत.

किनवटहून आत्या आली आहे. किनवट १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होतं. राज्यं नव्याने आखली तेव्हा ते नांदेडला जोडलं गेलं. माहेर-सासर तेच राहिलं, मध्ये राज्याची हद्द आली. आत्या खुर्ची ओढून शेगडीजवळ बसते, पदर आवरून.

"काय म्हणतात याला?"

"सुव्हलाकी, आत्या. ग्रीसचं."

"वास तर आपल्या घरचा येतोय." ओव्याचा येतो आहे.

कोळशावर साय धरली. सळया विटांवर टेकवा. पहिली चरबी ठिबकते, चर्र होतं, धूर उठतो. दोन-दोन मिनिटांनी फिरवत राहा, दहा-बारा मिनिटांत तुकड्यांच्या कडा गडद होतात. एक तुकडा कापून बघा, आतून शिजलाय ना. उतरवल्यावर लगेच तोडू नका, पाच मिनिटं राहू द्या, रस आत बसतो. लिंबू आत्ता पिळा, गरम असताना.

सोबत टांगून घट्ट केलेलं दही, त्यात किसून पिळलेली काकडी, लसूण, मीठ. ग्रीक त्याला झाझिकी म्हणतात. पिटा नाही, तव्यावरून आत्ताच उतरलेली ज्वारीची भाकरी आहे, आणि धुराची चव पेलायला मला तीच बरी वाटते.

आत्या एक तुकडा तोंडात टाकते. चावते. लसणाची काप लागते तेव्हा थांबते. "आत काय भरलंस?"

"कल्याणीची युक्ती आहे. सांगतो कुणीतरी जुना राजा."

"मग पोरांनाही दे की, थंड व्हायच्या आत."

फडकं हातावर गुंडाळून तुम्ही उरलेल्या सळया उचलायला लागता. एक, दोन, तीन. चार, पाच, सहा. सातवी मुठीत मावत नाही, विटांवर घरंगळते, आणि पोरांमधलं सर्वांत लहान तिच्याकडे धावतं.