हळू सुराला जागा

परतवाडा-धारणी रस्त्यावर, सिपना नदीच्या काठी सेमाडोह आहे. या भागात कोरकूंचा नाच रंगतो तेव्हा ढोल आणि बासरी एकाच अंगणात वाजतात. ढोल दणकट, बासरी नाजूक. तरी बासरी बुडत नाही. वाजवणारे एकमेकांचे ऐकत असतात, आणि रानातल्या रात्री भोवतालचा गोंगाट नसल्याने बारीक सुरालाही जागा मिळते. हाच नाच शहरातल्या मैदानावर, जनरेटरच्या शेजारी, हजार माणसांपुढे ठेवायचा झाला की ती जागा मिक्सरवर बसलेल्या माणसाला राखावी लागते. हे पुस्तक त्याच्या कामाविषयी आहे.

आपल्याकडे मंडप, खुर्च्या आणि साउंड यांची बोली एकत्रच ठरते. त्यामुळे आवाज सांभाळणे ही एक विद्या आहे, हे सहसा कुणाच्या मनात येत नाही. वऱ्हाडाला मात्र ती परकी वाटू नये. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरीच्या साथीने अफाट समुदाय भजनात बांधून ठेवले, ते याच मातीत. गुरुकुंज मोझरीला त्यांच्या पुण्यतिथी महोत्सवात सायंकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली वाहिली जाते. एवढा मोठा जमाव स्तब्ध होतो, तेव्हा शांतताही ऐकू येते. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण आवाजाचा मोठेपणा कानाला कळतो तो त्याच्या आधीच्या हळूपणामुळे.

खंजिरीचेच उदाहरण घेऊ. बोटाचा टणत्कार क्षणभराचा, त्यामागून झांजांची किणकिण. कंप्रेसर ठरावीक पातळीच्या वर गेलेला आवाज दाबतो. प्रमाण चारास एक ठेवले, तर त्या पातळीवर १२ डेसिबल चढलेला आवाज ३ डेसिबलच चढलेला उरतो. कंप्रेसर लगेच दाबू लागला तर टणत्कारच मरतो. त्याला २०-३० मिलिसेकंद उशिरा कामाला लावा. थाप निसटून पुढे जाते, मागचा पसारा तेवढा आवरतो. गायकाच्या बाबतीत तर आणखी सबुरी हवी. कसलेला गायक तारसप्तकात जाताना स्वतःच माइकपासून मागे सरतो. त्याच क्षणी तुम्ही फेडर खाली ओढलात, तर त्याने जपलेला चढ तुम्ही पुसून टाकता.

उघड्या मैदानात अंतर दुप्पट झाले की एका स्पीकरचा आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. मागच्यांना ऐकू जावे म्हणून पुढचे स्पीकर वाढवत नेले की पहिल्या रांगेचे कान बधिर होतात आणि बासरी कायमची जाते. त्यापेक्षा मध्ये लहान स्पीकर उभे करावेत आणि त्यांना उशीर द्यावा: ३४ मीटरला सुमारे एक दशांश सेकंद. हे गणित पुढे सविस्तर आले आहे. पहिल्या वाचनात ते ओलांडून गेलात तरी चालेल.

सुरुवात माइकच्या प्रकरणापासून करा. ते वाचून झाल्यावर गावातल्या एखाद्या भजनी मंडळाजवळ, भोंगा बंद असताना, तासभर बसा. पेटी कुठे दबते, टाळ कुणाला झाकतो, बुवा कोणत्या ओळीला आवाज खाली आणतात, हे वहीत टिपा. मग मिक्सरच्या प्रकरणाकडे वळा.