मूळ प्रतीचे मुक्काम

विंडोज संगणकावरचे अपडेट मध्येच बिनसले की जाणकार हमखास ‘एसएफसी’ आणि ‘डिस्म’ या दोन आज्ञा चालवायला सांगतात. या दोहोंची कुळकथा एकाच प्रश्नाभोवती फिरते : प्रणालीच्या फाइलची निर्दोष मूळ प्रत ठेवायची कोठे?

१९९०च्या दशकात नवा प्रोग्रॅम येताना आपल्याबरोबर डीएलएल फायली, म्हणजे अनेक प्रोग्रॅमना सामाईक लागणारे कोडचे संच, घेऊन येई आणि त्या जुन्या फायलींवर बिनदिक्कत लिहून टाकी. परिणामी एक प्रोग्रॅम सुरू झाला की दुसरा बंद पडे. ‘डीएलएल हेल’ या नावाने हा गोंधळ कुप्रसिद्ध झाला. विंडोज ९८मधील ‘सिस्टिम फाइल चेकर’, म्हणजेच एसएफसी, बिघडलेली फाइल हुडकून देई. परंतु चांगली प्रत बहुधा मूळ सीडीतून काढावी लागे. विंडोज २०००ने ती सोय संगणकातच केली. महत्त्वाच्या फायलींच्या प्रती ‘डीएलएलकॅश’ या फोल्डरमध्ये राखल्या जाऊ लागल्या आणि संरक्षित फाइल कोणी बदललीच, तर प्रणाली गुपचूप तेथील प्रत जागेवर बसवू लागली.

खरे स्थित्यंतर घडले ते व्हिस्टामध्ये. २००७च्या आरंभी घरोघरच्या ग्राहकांसाठी बाजारात आलेली ही आवृत्ती बदनाम ठरली, पण तिची रचना आजही टिकून आहे. ‘विनएसएक्सएस’ हे प्रणालीच्या घटकांचे मुख्य भांडार झाले आणि ‘सिस्टिम३२’ या प्रणालीच्या फोल्डरमधील बहुतेक फायली भांडारातील फायलींच्या ‘हार्ड लिंक’, म्हणजे डिस्कवरील त्याच मजकुराची दुसरी नावे, बनल्या. (हा मजकूर आकार मोजताना दोनदा धरला जात असल्याने भांडार अवाढव्य दिसते आणि जागा मोकळी करू पाहणारे त्याच्यावरच हात चालवतात.) या काटकसरीची किंमतही होती : डिस्कचा तेवढाच भाग खराब झाला, तर दोन्ही नावांखालची फाइल एकदमच जाते, आणि याच भांडारातून चांगली प्रत घेणारे एसएफसी काही फायली दुरुस्त करता आल्या नाहीत, एवढे कळवून थांबते.

ही उणीव २०१२च्या विंडोज ८ने भरून काढली. विंडोज ७पासून असलेल्या डिस्मला ‘रिस्टोअरहेल्थ’ हा पर्याय मिळाला. तो भांडाराचीच तपासणी करतो आणि सदोष घटकांच्या जागी विंडोज अपडेटच्या सर्व्हरवरून नवे आणतो. म्हणून आधी डिस्म आणि मग एसएफसी, हाच क्रम सयुक्तिक ठरतो, जरी सवयीने पुष्कळजण उलटेच करतात.

अर्थात, अपडेटची यंत्रणाच अडली असेल तर तिच्याच वाटेने दुरुस्तीचे सामान येणार कसे, हा पेच उरतोच. अशा वेळी प्रथम अपडेटची सेवा थांबवून, उतरवलेल्या फायली जेथे साठतात त्या ‘सॉफ्टवेअरडिस्ट्रिब्यूशन’ फोल्डरचे नाव बदलतात. सेवा पुन्हा सुरू होताच प्रणाली तो नव्याने तयार करते, मात्र अपडेटच्या इतिहासाची यादी पुसली जाते. तेवढ्याने भागले नाही, तर डिस्मला विंडोजच्या आयएसओ फाइलमधील, म्हणजे स्थापना-डिस्कच्या प्रतीतील, प्रणालीची प्रतिमा स्रोत म्हणून दाखवावी लागते, आणि ती संगणकावरील आवृत्तीशी जुळणारी नसेल तर स्रोत फायली सापडल्या नाहीत असे सांगून आज्ञा काम नाकारते.