रेषा किती, अंतर किती?

‘हाय डेफिनिशन’ हे शब्द टीव्ही विकणाऱ्यांनी अलीकडे शोधून काढले, असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात ते निदान १९३५ सालाइतके जुने आहेत. ब्रिटनमध्ये त्या वर्षी लॉर्ड सेल्सडन यांच्या समितीने दूरचित्रवाणीबद्दल अहवाल दिला आणि निदान २४० रेषांचे चित्र असेल तरच त्याला ‘हाय डेफिनिशन’ म्हणावे, असे सुचवले. तोवर जॉन बेअर्ड यांची यंत्रणा ३० रेषांचे चित्र दाखवत होती. त्यात समोरच्या माणसाचा चेहरा ओळखू येई, इतकेच. पुढच्याच वर्षी लंडनहून ४०५ रेषांचे प्रक्षेपण सुरू झाले. नंतर अमेरिका व जपानने ५२५ रेषा स्वीकारल्या, तर युरोपातील बहुतेक देशांनी आणि भारताने ६२५. फ्रान्स तर काही काळ ८१९ रेषांवर होता.

पडद्यावरचे चित्र एकाखाली एक आखलेल्या आडव्या रेषांनी बनते. रेषा जितक्या जास्त तितका तपशील जास्त. मग ही चढण कोठे संपते? किती रेषा पुरेशा म्हणायच्या? टोकियोतील १९६४ च्या ऑलिंपिकनंतर ‘एनएचके’ या जपानी प्रसारण संस्थेच्या संशोधकांनी हा प्रश्न मनावर घेतला. माझ्या मते त्यांचे मोठेपण असे की, यंत्राला काय जमेल हे पाहण्याआधी त्यांनी माणसाच्या डोळ्याला काय जमते हे पाहिले.

हे वर्गात सहज करून पाहता येते. पांढऱ्या कार्डावर काळ्या शाईने २ मिलिमीटर जाडीच्या रेषा काढा. दोन रेषांमध्ये २ मिलिमीटर मोकळी जागा सोडा. कार्ड भिंतीला लावून मुलांना मागे मागे सरकायला सांगा. साधारण सात मीटरच्या आसपास रेषा वेगळ्या दिसेनाशा होतात आणि कार्ड करडे दिसू लागते. तीक्ष्ण नजरेचे एखादे मूल आणखी मागे जाईल. चष्म्याची गरज असूनही तो न लावलेले मूल लवकर थांबेल (त्याच्या घरी कळवावे हे उत्तम). सामान्य डोळा एका अंशाच्या साठाव्या भागाएवढ्या कोनापर्यंतचा तपशील वेगळा ओळखतो. म्हणजे अंतराच्या सुमारे १/३४४० एवढी वस्तू. डोळ्यांच्या डॉक्टरांकडचा अक्षरांचा तक्ता याच मोजमापावर बेतलेला असतो.

यातून एक सोपा हिशेब निघतो. चित्रात जितक्या रेषा दिसतात, त्या संख्येने ३४४० ला भागा. येईल तो आकडा म्हणजे पडद्याच्या उंचीच्या किती पट अंतरावर बसले असता रेषा एकमेकींत मिसळतील. ५२५ रेषांपैकी प्रत्यक्ष चित्रात सुमारे ४८० येतात, उत्तर सातपट. आपल्या ६२५ पैकी ५७६ येतात, उत्तर सहापट. याहून दूर बसलेल्या प्रेक्षकाला जास्त रेषा दिल्या तरी त्या वाया जातात.

तर मग लोकांना जवळ बसवायचे कशासाठी? एनएचकेच्या प्रयोगशाळेतील एका प्रयोगात याचे उत्तर मिळते. प्रेक्षकांसमोर मोठ्या पडद्यावर थोडे तिरके केलेले चित्र ठेवले आणि त्यांना उभी दिशा कोणती वाटते ते पाहिले. चित्र लहान असताना काही फरक पडला नाही. पण चित्राने डोळ्यासमोरचा वीस ते तीस अंशांचा भाग व्यापला की प्रेक्षकाची ‘उभी दिशा’ही चित्राबरोबर कलू लागली. चित्र ही समोरची एक वस्तू न राहता आपण जेथे आहोत ती जागा बनू लागली. जुना टीव्ही नेहमीच्या अंतरावरून जेमतेम दहा-अकरा अंश व्यापतो. तीस अंश हवे असतील तर रुंद पडदा घेऊन उंचीच्या तिप्पट अंतरावर बसले पाहिजे, आणि तेथून रेषा दिसू नयेत म्हणून त्या हजाराच्या पुढे हव्यात. ताकाशी फुजिओ यांच्या नेतृत्वाखालील गटाने निवडलेला ११२५ हा आकडा या हिशेबात चपखल बसतो.

आता खर्च. उभ्या दिशेत दुप्पट तपशील, आडव्या दिशेत दुप्पट, शिवाय पडदा रुंद. म्हणजे माहिती पाच-सहा पट. एका वाहिनीच्या जागेत ती मावेना. म्हणून १९८० च्या दशकात ‘म्यूज’ नावाची युक्ती निघाली. चित्रातील बिंदूंचे चार गट पाडायचे, दर १/६० सेकंदाला एकेक गट पाठवायचा आणि घरच्या संचाने ते स्मृतीत साठवून पूर्ण चित्र जुळवायचे. डोंगर, देऊळ, फुलदाणी यांची चित्रे अप्रतिम दिसत. पण धावणारा खेळाडू चार गटांत चार वेगळ्या जागी असतो. ते जुळवले तर खिचडी होईल. त्यामुळे हलत्या भागापुरता तपशील जवळपास निम्म्यावर आणावा लागे. हलत्या वस्तूतले बारकावे डोळ्याला तसेही कमी कळतात, हे समर्थन बरेचसे खरे आहे. पण आपली नजर चेंडूमागून धावू लागली की ते लागू पडत नाही. ऑलिंपिकमधून सुचलेल्या यंत्रणेची अडचण खेळातच व्हावी, हा योग चमत्कारिकच.

१९८८ चे सोल ऑलिंपिक जपानमध्ये ठिकठिकाणी सार्वजनिक पडद्यांवर दाखवले गेले. जून १९८९ पासून उपग्रहावरून रोज एक तास आणि नोव्हेंबर १९९१ पासून रोज आठ तास प्रक्षेपण होऊ लागले. १९९० साली बाजारात आलेल्या ३६ इंची संचाची किंमत वीस लाख येनांच्या वर होती. तेवढ्यात तेथे नवी मोटार येत असे. शिवाय बहुतेक कार्यक्रम जुन्याच ५२५ रेषांचे. घेणाऱ्याने पाहायचे तरी काय, आणि घेणारे थोडे असताना महाग कार्यक्रम करायचे तरी कोणासाठी?

बाहेरही विरोध होता. १९८६ साली दुब्रॉव्हनिकच्या आंतरराष्ट्रीय बैठकीत युरोपने जपानी मानक अडवले आणि १२५० रेषांची ‘एचडी-मॅक’ ही स्वतःची यंत्रणा काढली. १९९२ चे बार्सिलोना ऑलिंपिक तिच्यावर दाखवले आणि १९९३ मध्ये ती सोडून दिली. त्यात सांगण्यासारखे फारसे काही नाही.

खरा धक्का अमेरिकेतून आला. जून १९९० मध्ये ‘जनरल इन्स्ट्रुमेंट’ या कंपनीने जाहीर केले की, संपूर्ण डिजिटल यंत्रणेने असे चित्र एका साध्या वाहिनीत बसवता येईल. बातम्या देणारा माणूस बोलताना त्याचे ओठ हलतात, मागची भिंत हलत नाही. मग भिंत पुन्हा पुन्हा कशाला पाठवायची? जे बदलले तेवढेच आकड्यांत मांडून पाठवावे. सेकंदाला शंभर कोटींहून अधिक अंक लागणारे चित्र अशा रीतीने सुमारे दोन कोटी अंकांत मावते. अमेरिकेने डिसेंबर १९९६ मध्ये डिजिटल मानक स्वीकारले.

जपानला आता अवघड निर्णय घ्यायचा होता. तीस वर्षांचे काम, कारखाने उभे, संच विकलेले. फेब्रुवारी १९९४ मध्ये टपाल व दूरसंचार मंत्रालयातील प्रसारण विभागाचे प्रमुख अकिमासा एगावा यांनी जग डिजिटलकडे चालले आहे, आपणही फेरविचार करावा, असे उघड म्हटले. कारखानदार खवळले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना शब्द मागे घ्यावे लागले. पण म्हणणे खरे ठरले. डिसेंबर २००० मध्ये जपानचे उपग्रहावरचे डिजिटल प्रसारण सुरू झाले आणि ३० सप्टेंबर २००७ रोजी म्यूजचे प्रक्षेपण कायमचे थांबले. फुजिओ यांच्या गटाचे काम मात्र फुकट गेले नाही. आजच्या एचडी मानकातील १०८० दृश्य रेषांमागे एकूण रेषा ११२५ च असतात. बदलली ती चित्र पाठवण्याची रीत. भुर्दंड पडला तो पहिल्या ग्राहकांना.

आपल्याकडे दूरदर्शनने २०१० च्या दिल्लीतील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा एचडीमध्ये दाखवल्या. घरात असा संच घ्यावा का, या प्रश्नासाठी वरचाच भागाकार वापरा. ३२ इंची रुंद पडद्याची उंची सुमारे ४० सेंटिमीटर असते. ५७६ रेषांसाठी मर्यादा सहापट, म्हणजे २.४ मीटर. बैठकीच्या खोलीत दहा फुटांवर, म्हणजे तीन मीटरवर बसत असाल, तर तेथून डोळ्याला ५७६ रेषाच वेगळ्या दिसत नाहीत. १०८० कोठून दिसणार? त्याच जागी ५५ इंची पडदा असेल (उंची सुमारे ६८ सेंटिमीटर), तर ५७६ ची मर्यादा चार मीटरच्या पुढे जाते आणि एचडीचा फरक जाणवतो. पण ‘फोर-के’च्या २१६० रेषांचा पूर्ण फायदा मिळण्यासाठी खुर्ची १.१ मीटरवर आणावी लागेल. हा हिशेब फक्त रेषांचा आहे. रंगांचा दर्जा, प्रसारणात चित्र किती दाबून पाठवले आहे, यांनीही फरक पडतो आणि दुकानात दिसणारा फरक पुष्कळदा त्यांचाच असतो. शिवाय दुकानात आपण पडद्यापासून दोन हातांवर उभे असतो.

एनएचके तेथेच थांबली नाही. डिसेंबर २०१८ पासून तिने ४३२० रेषांचे ‘एट-के’ प्रसारण सुरू केले. त्याला योग्य अंतर पडद्याच्या उंचीच्या पाऊणपट. तेथून चित्र डोळ्यासमोरचे सुमारे शंभर अंश व्यापते. ६५ इंची संचासाठी हे अंतर ६० सेंटिमीटर भरते. तेथे बसून हात लांब केला तर बोटे पडद्याला लागतात.