अंगणातून निघालेली घाणेरी



औंदा नवीन घर झालं. पुढं दीडेक गुंठा जागा उरली. सूनबाई म्हणाली, "मामा, इथं फुलझाडं लावू." म्हटलं चला. तालुक्याच्या एका नर्सरीत गेलो. तिनं पहिल्याच फेरीत एक कुंडी उचलली. बुटकं, गच्च झुडूप आणि पिवळीधमक फुलं. मी सवयीनं पान चुरगाळून हुंगलं आणि म्हणालो, "अगं, ही तर घाणेरी!"

ती म्हणाली, "मामा, चिठ्ठीवर लँटाना लिहिलंय."

दोघांचंही खरं होतं. आपण जिला घाणेरी किंवा टणटणी म्हणतो तीच लँटाना. आज डोंगराच्या पायथ्याला ती एवढी माजलीय की आपल्याला ती इथलीच वाटते. पण ती मूळची अमेरिका खंडातली, तिकडच्या उष्ण भागातली. सतराव्या शतकात डच लोकांनी ती युरोपात नेली. तिथं थंडी, म्हणून काचेच्या घरात वाढवली. एकाच गुच्छात पिवळा, केशरी, गुलाबी रंग, आणि फूल जुनं होईल तसा रंग बदलतो. शौकिनांनी कलमं करून, संकर करून तिच्या शेकडो जाती काढल्या. म्हणजे आपल्या बांधावरची घाणेरी ही निव्वळ रानातली नाही, माळ्यांनी निवडून निवडून दणकट केलेली आहे.

कलकत्त्याजवळ शिबपूरला कंपनी सरकारनं १७८७ साली वनस्पती बाग काढली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला घाणेरी तिथं शोभेचं झाड म्हणून आली. तिथून साहेबांच्या बंगल्यांत आणि कुंपणांत गेली. कुंपणाला ती का पसंत पडली? गुरं खात नाहीत, पाणी लागत नाही, छाटली की दाट फुटते. आता बघा, हेच तीन गुण गायरानात उलटले. गुरं शेजारचं गवत खातात आणि हिला सोडतात. दुष्काळात गवत मरतं, ही टिकते. तोडली की दुप्पट फुटते. वर काळी पिकलेली फळं बुलबुल खातो आणि बी लांब नेऊन टाकतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कूर्गच्या जंगलात हिनं वन खात्याला जेरीस आणलं होतं. १९४१ ला हिला खाणारा एक बारका किडा ऑस्ट्रेलियातून देहरादूनला आणून कोंडून तपासला. तो सागाच्या फुलांवरही बसतो असं दिसल्यावर सगळे किडे मारले, पण काही निसटलेच. अन् घाणेरी आहे तिथंच आहे.

आता माझी गोष्ट. २००३ च्या दुष्काळात मी बाजारातून एक गाय आणली. सपाटीवरची, तिनं घाणेरी कधी पाहिलेली नसावी. वैरण कमी होती. मी तिला बांधाच्या कडेला बांधून कामाला गेलो, चूक माझीच. आपली गुरं वासानंच तोंड फिरवतात, हिनं भुकेपोटी पाला ओरबाडला. दुसऱ्या दिवशी रवंथ बंद, शेण बंद. डोळे पिवळे झाले. उन्हात उभी राहीना, नाकपुडी सोलली. डॉक्टर म्हणाले, घाणेरीनं लिव्हर गेलं. आठव्या दिवशी गेली. पोटात पाच महिन्यांचं वासरू होतं.

हे सूनबाईला माहीत नव्हतं. नर्सरीवाला म्हणाला, "काका, ही सुधारित आहे, हिला बी धरत नाही." बी न धरणाऱ्या जाती असतात, खोटं नाही. पण मी कुंडी उचलून सुकलेल्या फुलांखाली बघितलं. हिरव्या मण्यांचा घोस होता. त्याला दाखवला. तो गप्प झाला.

परदेशी म्हणून मी नाही म्हटलं नाही. दसऱ्याचा झेंडूही तिकडचाच. बोगनवेलही अमेरिकेचीच. १७६७ साली फ्रेंच जहाजावरच्या वनस्पतीतज्ज्ञाला ती रिओला दिसली आणि कप्तान बूगनव्हिल याचं नाव तिला मिळालं. पण नर्सरीतली बोगनवेल सहसा बी धरत नाही, लावली तिथंच राहते. दोघी एकाच मुलखातल्या. एक कुंपणात राहिली, दुसरीनं गायरान घेतलं.

म्हणून झुडूप निवडताना मी तीन गोष्टी बघतो. फळ धरतं का आणि पाखरं खातात का? तोडल्यावर मुळातून फुटतं का? गुरानं किंवा लेकरानं तोंडात घातलं तर काय? तिसऱ्या प्रश्नावर कण्हेर आणि बिट्टी दोन्ही बाद. फूल छान, पण सगळं झाड विषारी. गोठ्याजवळ नकोच.

शेवटी आम्ही फाटकाला बोगनवेल, ओट्यापाशी मोगरा आणि दोन जास्वंदी लावल्या. पिवळा रंग पाहिजेच म्हणून सूनबाईनं एक जास्वंद पिवळी घेतली.

ज्यांच्या बांधावर घाणेरी आहे त्यांनी नुसती कापू नका, पेटवूही नका, परत फुटते. फळ धरायच्या आधी जमिनीखाली तीन-चार बोटं खोल कुदळीनं मूळ तोडा आणि झाड उलटं करून ठेवा, मुळं वर. पावसाळ्यात पाखरं बसतात त्या झाडांखाली रोपं उगवतील, ती हातानं उपटा. दोन-तीन वर्षं सोडू नका.

तुमच्या अंगणात काय लावलंय? आणि त्याचं बी कुठं जातं, ते कधी बघितलंय का?